बाळ रडलं, आता आईकडे बघा

मागच्या अंकात मी बाळंतपणातल्या इमर्जन्सीवर थोडंसं लिहिलं होतं, की जगात आजही रोज सातशेच्या वर बायका गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात जातात, जवळपास सगळ्या गरीब आणि मध्यम देशांतल्या, आणि त्यातल्या बहुतेक वाचण्यासारख्या असतात. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय. मी डॉक्टर नाही, लेबर रूममधे सिस्टर म्हणून आयुष्य गेलंय माझं, तेव्हा उत्तरं तिथूनच येतील.

प्रश्न : माझ्या वहिनीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. बीपी, शुगर, सोनोग्राफी, एकही तपासणी चुकवली नाही. बाळंतपणही नॉर्मल झालं आणि नंतर वीस मिनिटांत ती पांढरीफटक पडली, चार पिशव्या रक्त लागलं. वाचली, पण मला अजून झोप लागत नाही. नऊ महिन्यांत कोणालाच कसं कळलं नाही? कोणीतरी हलगर्जीपणा केला असणारच ना?

उत्तर : ताई, वहिनी वाचली म्हणजे त्या वीस मिनिटांत तिथल्या कोणीतरी ओळखलं, धावपळ केली, रक्त वेळेवर आलं. तुमचा राग मला कळतो, पण तो तपासण्यांवर काढू नका. हा रक्तस्राव आधी सांगून येत नाही. जुळी असतील, आधीच्या खेपेला असंच झालं असेल, वार म्हणजे प्लासेंटा खाली असेल तर आम्ही सावध असतोच, पण ज्यांना जास्त जातं त्यातल्या कितीतरी जणींमधे यातलं काहीच नसतं, अगदी तुमच्या वहिनीसारखं.

होतं काय ते सांगते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जात असतं, कधी त्याहूनही जास्त. बाळ झालं, वार सुटली की वार जिथे चिकटलेली होती तिथे बशीएवढी जागा उघडी पडते आणि तिथल्या सगळ्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी. ती बंद कोण करतं तर पिशवी स्वतःच. तिचे स्नायू जाळीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात, मधून रक्तवाहिन्या जातात, पिशवी आवळली की त्या आपोआप चिमटल्या जातात. आवळली नाही तर नळ उघडाच राहतो. हे हाताला लगेच कळतं बरं का, बेंबीपाशी हात ठेवला की आवळलेली पिशवी कडक चेंडूसारखी लागते, आणि ढिली असेल तर हात नुसता मऊ मऊ आत जातो, पिशवी कुठे सुरू होते कुठे संपते तेच समजत नाही. त्या क्षणी पोटात कसं धस्स होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच माहिती.

कोणाला त्रास होणार ते आधी ओळखता येईल हा समज फार जुना आहे आणि त्यानेच खूप नुकसान झालं. एक काळ असा होता की जोखमीच्या बायका तपासणीत वेगळ्या काढा, त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवा, बाकीच्यांचं काय घरी होऊन जाईल, असा सगळीकडे कारभार होता. जोखमीच्या म्हणून वेगळ्या काढलेल्यांपैकी बहुतेकींना काहीच झालं नाही आणि बायका गेल्या त्या दुसऱ्या यादीतल्यापण. 1985 मधे ॲलन रोझेनफिल्ड आणि डेबोरा मेन या दोघा अभ्यासकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सरळ विचारलं की माता-बाल आरोग्य माता-बाल आरोग्य म्हणता त्यात माता कुठे आहे, सगळं तर बाळासाठीच चाललंय. दोन वर्षांनी 1987 ला नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची मोठी परिषद झाली आणि मग हळूहळू हे मान्य झालं की प्रत्येक बाळंतपण, रिपोर्ट कितीही छान असो, तयारी ठेवूनच करायचं.

तपासण्या करूच नका असं नाही हां. बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन हे कळायलाच हवं. जगात गरोदर बायकांमधे तीनपैकी एकीपेक्षा जास्त जणींना रक्त कमी असतं, आणि जिच्या अंगात मुळातच कमी आहे तिला थोडं गेलं तरी महागात पडतं. फक्त नॉर्मल रिपोर्ट म्हणजे गॅरंटी असं समजून कोणी निर्धास्त होऊ नये.

प्रश्न : बहिणीच्या बाळंतपणानंतर मी तिथेच होते. कपडे सारखे भिजत होते, मी सांगितलं तर "तेवढं जातंच" असं उत्तर मिळालं. किती जाणं नॉर्मल आणि किती जास्त, हे नक्की कोण ठरवणार?

उत्तर : हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते, कारण "तेवढं जातंच" हे मीपण म्हंटलंय. नवीन होते तेव्हा म्हंटलंय आणि ती बाई नंतर शॉकमधे गेली, वाचली पण तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

पुस्तकात आकडा आहे, नॉर्मल बाळंतपणानंतर अर्धा लिटर किंवा जास्त गेलं तर तो जास्तीचा रक्तस्राव. पण मोजायचं कसं? काही चादरीत जातं, काही कापसात, काही टेबलाखालच्या बादलीत पाण्याबरोबर मिसळतं, काही बाईच्या पाठीखाली साठतं जे उचलल्याशिवाय दिसतच नाही. आणि धो धो जाताना कोणीही ओळखेल, पण बारीक धार तासभर चालू राहते ना ती जास्त फसवते, कारण दर वेळी बघितलं तर थोडंसंच दिसतं. नुसत्या डोळ्यांनी अंदाज केला की तो बहुतेक वेळा कमीच निघतो, अनुभवी माणसाचासुद्धा. आणि तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी सांभाळून धरतं, आधी नाडी जलद होते, मग बीपी एकदम कोसळतं, तोवर खूप उशीर झालेला असतो. काहीच उपचार झाले नाहीत तर रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोन तास धरतात. फक्त दोन तास, बाळंतपणातल्या बाकी नेहमीच्या त्रासांत इतका कमी वेळ हातात नसतो.

यावर जो उपाय निघाला तो इतका साधा आहे की मला तो आमच्या काळात का नव्हता याचं खरंच वाईट वाटतं. बाळ झाल्याबरोबर बाईच्या खाली प्लास्टिकची एक पिशवी पसरायची, खाली निमुळती, त्यावर मिलिलिटरच्या रेघा आखलेल्या. रक्त तिच्यात जमतं आणि रेघ बघायची, बस. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या 4 देशांतल्या 80 हॉस्पिटलांमधे, दोन लाखांवर बाळंतपणांमधे हे करून बघितलं, 2023 मधे निकाल आले. अशी पिशवी असली तर 93 टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले गेले, नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के, म्हणजे निम्मे सुटतच होते! पण नुसतं ओळखून भागत नाही, म्हणून त्याला जोडून पाच गोष्टी ठरवून दिल्या होत्या : गर्भपिशवी चोळणं, ती आवळायचं औषध, रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाईन, आणि वार-टाके-जखमा नीट तपासून गरज पडली तर वरच्याला बोलावणं. आधी हे सगळं एकामागोमाग एक करत, याने थांबतंय का बघू मग ते देऊ, आणि वेळ जायचा. इथे सगळं एकदमच सुरू करायचं. एक लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे तिन्ही मिळून धरलं तर 60 टक्के कमी झालं.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडचं वेगळं सांगते कारण ते अजून बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. 21 देशांतल्या 20 हजार बायकांवर अभ्यास झाला, 2017 ला छापून आला, बाळ झाल्यापासून 3 तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांचं प्रमाण साधारण एक तृतीयांश कमी होतं. तीन तासांनंतर दिलं तर फायदा दिसत नाही. म्हणजे औषध तेच, बाई तीच, फक्त घड्याळ.

आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, कोण ठरवणार, तर तिथे उभी असलेली नातेवाईक बाईसुद्धा सांगू शकते. कपडे सारखे भिजतायत, ती घाबरीघुबरी झालीये, तहान तहान करतेय, हातपाय गार पडलेत, काहीतरी विचित्र बोलतेय, तर "तेवढं जातंच" ऐकून परत येऊ नका. म्हणा, सिस्टर एकदा पोटाला हात लावून बघा ना. एवढंच म्हणा, त्यात कोणाचा अपमान नाही.

प्रश्न : आठवा महिना चालू आहे, दोन दिवस डोकं खूप दुखतंय, चेहऱ्यावर सूज आहे, मधेच डोळ्यापुढे चमकल्यासारखं होतं. घरचे म्हणतात दगदग झाली असेल. पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे, तेव्हा सांगू का?

उत्तर : नाही. दहा दिवस नाही, उद्यापण नाही. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी निरोप पाठवलाय, तरी जिला जिला असं होतंय तिच्यासाठी इथे परत लिहिते. पाच महिन्यांनंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे अंधारी किंवा चमक, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा-हातांवर अचानक सूज, यातलं काही असेल तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासायची, रात्र असली तरी. बीपी चढून झटके येऊ शकतात. झटके येऊ नयेत आणि आलेले थांबावेत यासाठी जे औषध आहे ते मॅग्नेशियम सल्फेट, जुनं, स्वस्त, कुठल्याही लहान दवाखान्यात ठेवता येईल असं. 33 देशांत 10 हजार बायकांवर केलेल्या अभ्यासात, 2002 ला, दिसलं की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. तरी भीतीपोटी दिलं जात नाही, की श्वास मंदावला तर काय, डोस चुकला तर काय. अहो गुडघ्यावर हातोडी मारून पाय हलतो का बघायचं, श्वास मोजायचा, लघवी किती होतेय बघायची, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारी भरून ठेवायचं. हे शिकलेली सिस्टर व्यवस्थित करू शकते. पहिला डोस देऊन मग पुढे पाठवा, झटके येत असलेल्या बाईला कोरडंच गाडीत घालू नका.

प्रश्न : मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे. आम्हाला शिकवतात की गरीब देशांत डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत, पैसा नाही, त्यामुळे मातामृत्यू जास्त. मग देश श्रीमंत होईपर्यंत थांबायचं का?

उत्तर : छान विचारलंस, आणि उत्तर नाही असं आहे. श्रीलंकेचं बघ. 1950 च्या सुमाराला तिथे लाख जन्मांमागे 500 च्या वर आया जात होत्या, देश काही श्रीमंत नव्हता, पण त्यांनी गावोगाव शिकलेल्या मिडवाइफ नेमल्या, त्यांच्यामागे जवळचा दवाखाना, त्यामागे मोठं हॉस्पिटल अशी साखळी लावली, सेवा मोफत ठेवली, आणि दर काही वर्षांनी आकडा निम्मा होत गेला. आज तो 40 च्याही खाली आहे. तिथे एखादी आई गेली की चौकशी होते, कोणाला लटकवायचं म्हणून नाही तर कुठली कडी निसटली ते शोधायला. मला ही चौकशी फार मोलाची वाटते कारण जिथे शिक्षेची भीती असते तिथे कागद रंगवले जातात आणि पुढची बाई तशीच जाते.

डॉक्टर नाहीत म्हणतोस तर मोझांबिकने 1984 पासून डॉक्टर नसलेल्या लोकांना काही वर्षांचं पक्कं ट्रेनिंग देऊन सिझर करायला शिकवलं, आणि ग्रामीण हॉस्पिटलांतली बहुतेक सिझर तेच करत आले. टांझानिया, मलावी इथेही तसंच आहे. रस्ते नाहीत म्हणतोस तर रवांडात 2016 पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पोचवतात. पैसा लागतोच, मी नाही म्हणत नाही, पण थांबायचं कारण होत नाही.

बाई नक्की कुठे अडकते हे समजायला 1994 मधे थॅडियस आणि त्याच डेबोरा मेन यांनी मांडलेले तीन उशीर पाठ कर. पहिला उशीर निर्णयाचा, जायचं की नाही, कोण ठरवणार, खर्चाचं काय. दुसरा पोचण्याचा. आणि तिसरा पोचल्यावरचा, म्हणजे बाई दारात आलीये आणि आत माणूस नाही, औषध नाही, रक्त नाही, भूल द्यायला कोणी नाही. आपण सगळे पहिल्या उशिराबद्दल तावातावाने बोलतो, अडाणी आहेत, उशिरा आणतात वगैरे, कारण त्यात दोष घरच्यांचा असतो. तिसऱ्या उशिराबद्दल बोलायला आपल्यालाच आरशासमोर उभं राहावं लागतं. बऱ्याच देशांत बायकांना दवाखान्यात बाळंत व्हा म्हणून आणलं, त्या आल्या, आणि तिथे काहीच नव्हतं. त्यांनी आपलं ऐकलं होतं रे, याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

म्हणून दवाखाना आहे का असं विचारू नकोस, तिथे काय होतं ते विचार. लहान ठिकाणीसुद्धा सात गोष्टी व्हायलाच हव्यात : शिरेतून किंवा सुईने अँटिबायोटिक, पिशवी आवळायचं औषध, झटक्यांचं औषध, अडकलेली वार हाताने काढणं, आत राहिलेले तुकडे काढणं, व्हॅक्यूम लावून बाळ काढणं आणि न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणं. सिझर आणि रक्त या दोन गोष्टी त्यावर चढल्या की ते पूर्ण सेंटर. पाच लाख लोकांमागे अशी किमान पाच ठिकाणं हवीत आणि त्यातलं एक तरी पूर्ण, असं जागतिक प्रमाण आहे. सातातली व्हॅक्यूम सगळ्यात आधी बंद पडते, कारण शिकलेला माणूस बदलून जातो आणि बाळाच्या डोक्याला लावायचा कप कपाटात पडून राहतो. मग कळा देऊन दमलेल्या, बाळाचं डोकं अगदी खाली आलेल्या बाईलाही लांब पाठवावं लागतं. आणि जी अडली आणि दोन-तीन दिवस तशीच अडून राहिली ती वाचली तरी लघवीच्या पिशवीला भोक पडून कायम गळत राहते, फिस्टुला म्हणतात त्याला. इथिओपियात अदिस अबाबाला कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या डॉक्टर नवराबायकोने 1974 मधे फक्त या बायकांसाठी हॉस्पिटल काढलं. एवढं हॉस्पिटल भरावं इतक्या बायका, एका वेळेवरच्या सिझरने किंवा व्हॅक्यूमने ज्या तिथे आल्याच नसत्या.

आणखी एक, तुझ्या वयाच्या मुलांनी तरी हे बघायला शिकावं. ऑक्सिटोसिन, म्हणजे तेच पिशवी आवळायचं औषध. बाळ झाल्याबरोबर 10 युनिट, प्रत्येकीला, रक्तस्राव व्हायची वाट न बघता. हे औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं. मी एका ठिकाणी बदलीवर गेले तर अँपूल स्टीलच्या ट्रेमधे, ट्रे खिडकीच्या कठड्यावर, दुपारचं ऊन थेट त्यावर, आणि फ्रिजमधे पाण्याच्या बाटल्या. इंजेक्शन दिल्याची नोंद प्रत्येक केसपेपरवर अगदी व्यवस्थित. कोणी चुकीचं करत होतं असं त्यांना वाटतच नव्हतं, ट्रे हाताशी असावा म्हणून तिथे ठेवलेला. आता उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आलंय, 10 देशांत जवळपास 30 हजार बायकांवर तपासलं, 2018 ला, आणि ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे ते यायलाच हवं. आणि जिथे इंजेक्शन द्यायला कोणीच नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या.

प्रश्न : हल्ली जो तो सिझर करतो असं ऐकतो आणि तुम्ही म्हणता सिझर मिळत नाही म्हणून बायका मरतात. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं. जगात पाचातलं एक बाळंतपण आता सिझरने होतं, पण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शंभरातली पाचच्या आसपास. एकीकडे गरज नसताना, दुसरीकडे गरज असून नाही, आणि पुष्कळदा एकाच देशात, शहरात एक आणि आत गेलं की दुसरं. सरासरी बघितली की सगळं छान दिसतं, म्हणून सरासरीवर जाऊ नका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बायकोची तारीख आहे. मी जवळ असेन. मेडिकलमधलं मला काही कळत नाही. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : दादा, हा प्रश्न पुरुषाने विचारला याचा मला फार आनंद झालाय. तुमच्या हातात पहिले दोन उशीर आहेत आणि तिसऱ्यातलाही थोडा.

आत्ताच ठरवून ठेवा की त्रास झाला तर कुठे जायचं, तिथे रात्रीपण सिझर होतं का आणि रक्त मिळतं का, हे फोनवर नाही, जाऊन विचारा. गाडी कोणाची, तो नसला तर दुसरी कोणाची. तिचा ब्लड ग्रुप तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. रक्त देणारे दोन-तीन जण सांगून ठेवा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही घरी नसाल तर निर्णय कोण घेणार ते घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा, आणि तिला स्वतःला वाटलं जायचं तर जायचं, कोणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. मी अशा बायका पाहिल्यात ज्या घरातला कर्ता माणूस परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या.

बाळ झाल्यावर सगळे बाळाभोवती जमतात, साहजिकच आहे, पण तुम्ही पहिले दोन तास तिच्याकडे बघा. बाळ तिच्या छातीशी राहू द्या, ते ओढायला लागलं की पिशवी आवळायला मदत होते. तिला लघवीला झालीये का विचारा, मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी नीट आवळत नाही. घरी गेल्यावरही पहिले पंधरा दिवस ताप, थंडी वाजणं, घाण वास, परत एकदम जास्त जायला लागणं, यातलं काही झालं तर लगेच परत न्या, बाळंतिणीला ताप यायचाच असं कोणी म्हणालं तरी.

आणि कधी एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवायची वेळ आलीच तर तिला आडवंच ठेवा, उठवून बसवू नका, अंगावर पांघरूण घाला, सलाईन चालू असू द्या, एक सिस्टर बरोबर मागा आणि निघण्याआधी पुढच्या ठिकाणी फोन गेलाय का ते स्वतः विचारा, म्हणजे तिथे रक्त काढून ठेवतील. चिठ्ठीवर बाळ किती वाजता झालं, जास्त कधीपासून जातंय, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं हे लिहून घ्या, पुढचा डॉक्टर तेच पहिलं विचारतो. मी चिठ्ठीबरोबर बाईच्या मनगटाला चिकटपट्टी लावून तिच्यावरही इंजेक्शनची वेळ पेनाने लिहायचे, कारण गडबडीत चिठ्ठी गाडीच्या सीटवरच राहिलेली मी दोनदा पाहिलीये.